नीरेच्या खोऱ्यांतील खारावलेली जमीन



पाण्यावांचून जमीन उजाड होते, हें दख्खनच्या माणसास कोणी सांगावयास नको. परंतु पाण्यानेंहि जमीन उजाड होते, हा धडा पुणें जिल्ह्यांतील नीरेच्या खोऱ्यानें दिला आहे. बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेंतले. पाऊस वर्षाकांठीं २० इंचांच्या आसपास. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर कांहीं वर्षांनीं, १८८५ च्या सुमारास, नीरेचा डावा कालवा वाहूं लागला आणि ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला. सासवडचे माळी आपली ऊसशेतीची विद्या घेऊन कालव्याकांठीं येऊन राहिले. पुढें १९३० नंतरच्या दशकांत कळंब गावाजवळ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें साखर कारखाना निघाला व वालचंदनगर हें नांव महाराष्ट्रभर झालें.

या वैभवाला एक काळी बाजू होती. रंगानें मात्र ती पांढरी होती. कालवा येऊन पुरतीं पंचवीस वर्षें झालीं नाहींत, तोंच कित्येक शेतांवर उन्हाळ्यांत मिठासारखा थर दिसूं लागला. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं एका सहकाऱ्यासह या जमिनींचा अभ्यास केला, आणि १९१० सालीं त्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. १९१६ मध्यें मुंबई सरकारनें पाटबंधाऱ्यांच्या अशा प्रश्नांसाठीं एक खास विभाग काढला. खडकवासल्याची आजची मोठी जलसंशोधन संस्था त्याच रोपट्याचा वृक्ष होय.

हें मीठ आलें कोठून? तें बाहेरून कोणीं आणून टाकलें नव्हतें. खडक झिजून होणाऱ्या मातींत क्षार असतातच, व कालव्याच्या पाण्यांतहि ते थोडेबहुत असतात. कोरडवाहू शेतींत ते खोल, निपचित पडून राहतात. पाटाचा पाझर आणि उसाला दिलेलें जादा पाणी खालीं मुरत राहिलें, म्हणजे विहिरींची पातळी वर चढते. पाणी जमिनीच्या पृष्ठाजवळ आलें कीं, दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें तें मातीच्या बारीक छिद्रांतून वर येतें. ऊन पाण्याची वाफ करून नेतें, क्षार मागें ठेवतें. या क्षारांत सोडियमचें प्रमाण वाढलें म्हणजे काळ्या मातीचे कण फुगून सुटे होतात व छिद्रें बुजवितात. मग तिच्यांत ना पाणी मुरतें ना वारा खेळतो. शेतकरी अशा जमिनीस चोपण म्हणतो. विहिरीचें पाणीहि मचूळ होतें, आणि घरची बाई कोसभर दूर घागर घेऊन जाते.

यावर उपाय आहे, पण त्याचा क्रम चुकतां कामा नये. प्रथम खालच्या पाण्यास वाट दिली पाहिजे. मुरुमाच्या थरापर्यंत चर खणून, अथवा आजच्याप्रमाणें छिद्रांचे नळ पुरून, पातळी खालीं आणावी. मग चोपण जमिनींत जिप्सम घालावें. त्यांतील कॅल्शियम सोडियमची जागा घेतें. नंतर गोडें पाणी सोडून सुटलेले क्षार धुऊन काढावे, आणि ढैंचासारखें हिरवळीचें पीक गाडावें. निचऱ्यावांचून केलेला जिप्समचा खर्च पाण्यांत गेला म्हणून समजावें.

शहरांतील श्रोत्यांना हा नियम दुसऱ्या उदाहरणानें पटेल. बंद पडलेल्या पेट्रोल पंपाखालील टाकी गळत असेल, तर पेट्रोल मातींतून झिरपून भूजलावर तरंगतें व त्याचा कांहीं अंश पाण्यांत विरघळून दूरच्या विहिरींतहि जातो. तेथेंहि गळकी टाकी आधीं काढावी लागते. दूषित माती उपसणें, पाणी उपसून शुद्ध करणें हें त्यानंतर. उगम बंद केल्याशिवाय जमीन शुद्ध होत नाहीं, मग तें तेल असो कीं मीठ.

मात्र टाकीला एक मालक असतो. वाढलेल्या पाणीपातळीला शेंकडों मालक असतात. वरच्या शेतकऱ्यानें बेसुमार पाणी पाजलें कीं खालच्याचें रान चिबडतें. एकानें चर खणला आणि शेजाऱ्यानें तो पुढें जाऊं दिला नाहीं, तर सारे श्रम फुकट. निचऱ्याचें पाणी सोडावयाचें तें नदींत. तेव्हां खालच्या गावांचाहि विचार करणें प्राप्त आहे. म्हणून नदीपर्यंतचा निचरा गावानें मिळून करावयाचा, आणि पाणी मोजून घ्यावयाचें. ठिबकानें पाणी बेतानें देतां येतें, त्यानें पातळी चढण्यास आळा बसतो. पण सांचलेले क्षार धुण्यास चर व गोडें पाणी हींच लागतात.

सकाळच्या चहांत साखर घालणाऱ्या प्रत्येक घराचा या प्रश्नाशीं संबंध आहे. कालवा खणतांना पाणी आणण्याचा हिशेब झाला. तें परत नेण्याचा हिशेब मागाहून सुचला, आणि त्या दिरंगाईचें मोल जमिनीनें भरलें. नवा कालवा जेथें जेथें निघेल, तेथें पाटाबरोबरच निचऱ्याचा चरहि आंखला गेला पाहिजे.