दोन्ही गोटांतला कादंबरीकार



आज मी इथे एका लेखकाचे आभार मानायला उभी आहे. एका वाचकाने आपल्या लेखकाचे चारचौघांत मानलेले आभार, एवढंच या भाषणाचं स्वरूप. समीक्षकांनी ना. सं. इनामदारांवर पुष्कळ लिहिलं आहे. पण ज्यांनी वाचनालयात ‘राऊ’साठी नाव नोंदवून आठवडे काढले, परत आलेली प्रत दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून ग्रंथपालाला गळ घातली, त्या वाचकांच्या वतीने बोलणं राहून गेलं आहे. ते आज करायचं आहे.

नागनाथ संतराम इनामदारांचा जन्म १९२३ सालचा, निधन २००२ सालचं. ‘झेप’, ‘झुंज’, ‘मंत्रावेगळा’, ‘शहेनशहा’, ‘राऊ’, ‘शिकस्त’, ‘राजेश्री’ ही नावं नुसती उच्चारली तरी समोर बसलेल्यांपैकी कित्येकांना आपापली जागरणं आठवतील.

ऐतिहासिक कादंबरी मराठीला नवी नव्हती. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ची. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘उषःकाल’ दिला, नाथमाधवांनी स्वराज्याची कादंबरीमाला लिहिली. या परंपरेचा ओढा साहजिकच स्वराज्याच्या उदयाकडे होता. पारतंत्र्यातल्या वाचकाला पराक्रम हवा होता आणि तो या लेखकांनी भरभरून दिला. स्वातंत्र्यानंतर १९६२ साली रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली. तिचा नायक माधवराव पेशवा, ज्याच्याविषयी मराठी मनात आदराखेरीज दुसरी भावनाच नाही. आणि पुढच्याच वर्षी, १९६३ साली, इनामदारांची ‘झेप’ आली. तिचा नायक कोण? त्रिंबकजी डेंगळे!

आज या निवडीचं धाडस चटकन लक्षात येत नाही. त्रिंबकजी म्हणजे बखरींनी आणि इंग्रजांनी मिळून काळा ठरवलेला माणूस. हुजऱ्या-जासुदाच्या पायरीवरून दुसऱ्या बाजीरावाच्या कारभारीपदापर्यंत चढलेला. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५मध्ये पंढरपुरात खून झाला आणि त्याचा ठपका त्रिंबकजीवर आला. पुण्यातल्या इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्याला मागून घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले, कारण देशी माणूस फितेल ही धास्ती.

या बंदोबस्ताचं पुढे काय झालं, ते जरा जवळून बघू. बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूच्या प्रवासवर्णनात ही हकिगत आली आहे. किल्ल्यातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडे एक मराठी मोतद्दार चाकरीला राहिला. घोड्याला खरारा करता करता तो कैद्याच्या खिडकीखाली गाणी म्हणे. पहारेकऱ्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्यांच्या लेखी ते मोतद्दाराचं गुणगुणणं होतं आणि आत बसलेल्या त्रिंबकजीच्या लेखी तो निरोप होता. १२ सप्टेंबर १८१६च्या रात्री, भर पावसात, भिंतीला पाडलेल्या भोकातून त्रिंबकजी निसटला. पुढे संगमनेर, नाशिक, खानदेशच्या डोंगरांत तो भिल्ल-रामोशांना जमवत राहिला. त्याच्यापायी इंग्रजांनी बाजीरावाकडून सिंहगड, पुरंदर आणि रायगड ओलीस मागून घेतले आणि जून १८१७मध्ये पुण्याचा तह बाजीरावाच्या गळ्यात मारला. पेशवाई बुडाल्यावर १८१८मध्ये त्रिंबकजी पुन्हा पकडला गेला आणि काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात कैदेत असतानाच १८२९ साली वारला.

आता विचार करा. एका माणसासाठी इंग्रजांना तीन गड ओलीस ठेवून घ्यावे लागले. तो माणूस नुसता खुशमस्कऱ्या आणि खुनी असेल का? इनामदारांनी हा प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी कागदपत्रांत बुडी मारली. गोविंद सखाराम सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला संपादित केले. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी त्याआधीच मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड उभे केले होते. या पिढीने घाम गाळून जमवलेली सामग्री सामान्य घरात पोचली ती इनामदारांसारख्या कादंबरीकारांच्या हातून. हे त्यांचं आपल्यावरचं पहिलं ऋण.

दुसरं ऋण याहून मोठं आहे आणि माझ्या बोलण्याचा मुद्दाही तोच आहे. इनामदारांनी आपल्याला एकाच लढाईच्या दोन्ही गोटांत नेऊन बसवलं.

उदाहरण म्हणून हडपसरची लढाई घ्या. एप्रिल १८०१मध्ये पुण्यात विठोजी होळकराला हत्तीच्या पायाखाली देण्यात आलं. त्या वेळी गादीवर दुसरा बाजीराव होता. भावाच्या या मरणाचा जाब विचारत यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आला. २५ ऑक्टोबर १८०२, दिवाळीचा दिवस. हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा हरल्या. बाजीराव पळाला, कोकणातून वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने तैनाती फौजेच्या तहावर सही केली. मराठी राज्याच्या शेवटाची सुरुवात इथून होते.

‘झुंज’ वाचताना आपण यशवंतरावाच्या तंबूत असतो. धाकट्या भावाचं दुःख त्याच्याइतकंच आपलंही होतं. पुढे १८०४ साली इंग्रज सेनानी मॉन्सनच्या पलटणींना मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत पिटाळणारा, सगळे सरदार वाकले तरी एकटा लढणारा, भानपुऱ्यात तोफा ओतता ओतता भान हरपलेला आणि १८११ साली ऐन उमेदीत संपलेला हा माणूस पाहून बाजीरावाचा संताप येतो. आणि मग ‘मंत्रावेगळा’ हातात येते. तोच बाजीराव! लहानपण नजरकैदेत गेलेला, राघोबादादाचा मुलगा म्हणून जन्मापासून संशयाने पाहिला गेलेला, शिंदे, होळकर आणि नाना फडणिसांच्या ओढाताणीत सापडलेला. खडकी, कोरेगाव, आष्टी असा माघारीचा प्रवास. आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि जून १८१८मध्ये बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. पुढची तेहेतीस वर्षं वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनीवर त्याने गंगाकाठी बिठूरला काढली.

ज्याचा आपल्याला संताप आला होता, त्याच्याच माजघरात लेखक आपल्याला बसवतो. यात बाजीरावाची सही पुसली जात नाही. विठोजीच्या मरणाचा दोषही हटत नाही. पण ‘पळपुटा’ या एका शिक्क्यावर माणूस निकालात काढायची आपली सवय मोडते. एकाच लेखणीने होळकर आणि पेशवा दोघांनाही इतक्या आपुलकीने ऐकून घ्यावं, याला फार मोठं मन लागतं.

हेच पुढे जास्त मोठ्या पटावर घडलं. ज्या लेखकाने औरंगजेबावर ‘शहेनशहा’ लिहिली, त्यानेच शिवछत्रपतींवर ‘राजेश्री’ लिहिली. मराठी घरात औरंगजेबाचं नाव घेतलं की मुठी वळतात आणि त्याला कारणंही आहेत. तरीही त्याचं म्हातारपण, दक्षिणेत पंचवीस वर्षं तळ ठोकूनही हाती न लागलेला विजय आणि स्वतःच्याच मुलांवरचा अविश्वास हे सगळं मराठी वाचकाने मन लावून वाचलं. १९९७चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अहमदनगरला भरलं आणि इनामदार त्याचे अध्यक्ष होते. १७०७ साली औरंगजेबाने शेवटचा श्वास घेतला तो याच नगरजवळ, भिंगारला. मराठ्यांना जिंकायला आलेला बादशहा जिथे हरून गेला, तिथेच त्याची कथा माणुसकीने सांगणाऱ्या मराठी लेखकाचा मराठी वाचकांनी सन्मान केला. आपल्या वाचनसंस्कृतीबद्दल अभिमान वाटावा असा हा योग आहे.

पहिला बाजीराव आणि मस्तानी यांच्यावरची ‘राऊ’ १९७२ची. २०१५च्या ‘बाजीराव मस्तानी’ या हिंदी चित्रपटामुळे तिचं नाव देशभर गेलं. तिच्यावरचं वाचकांचं प्रेम मात्र त्याच्या कितीतरी आधीचं. शिरूर तालुक्यातल्या पाबळला मस्तानीची कबर आहे आणि नर्मदाकाठी रावेरखेडीला या पहिल्या बाजीरावाची समाधी. २८ एप्रिल १७४० रोजी तो तिथे वारला, तेव्हा मस्तानी पुण्यात अडकलेली होती. दोघांच्या समाधींमध्ये शेकडो मैलांचं अंतर आहे. ‘राऊ’ वाचून दोन्ही ठिकाणी डोकं टेकवून आलेले वाचक मला ठाऊक आहेत. कादंबरीने माणसाला घराबाहेर काढावं, गाव शोधायला लावावं, यापरती दाद कोणती?

‘शिकस्त’मध्येही हेच मन दिसतं. पानिपत आपण भाऊसाहेबांचं, विश्वासरावांचं मानतो. इनामदारांनी ते भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंचं करून दाखवलं. नवरा रणात दिसेनासा झाला आणि तो गेला हे ज्या बाईने अखेरपर्यंत मानलं नाही, तिचं.

एक गोष्ट मात्र वाचक म्हणून आपण स्वतःला बजावली पाहिजे. मस्तानीविषयी अस्सल कागद थोडे आहेत. तिच्या मनात काय चाललं होतं हे कोणत्याही दप्तरात नाही, ते इनामदारांनी प्रतिभेने भरलं. कादंबरीतला संवाद हा पुरावा म्हणून भांडणात वापरणं हा त्या लेखकावरच अन्याय आहे. त्यांनी आपल्याला समजून घ्यायला शिकवलं. आपण त्यांच्या पुस्तकांतून भांडणाची हत्यारं घडवू नयेत. आज इतिहासाच्या नावाने रोज माणसं एकमेकांवर धावून जातात, तेव्हा तर इनामदारांची ही शिकवण फार मोलाची वाटते.

म्हणून श्रोतेहो, माझी आपल्याला एक विनंती आहे. ‘राऊ’ बहुतेकांनी वाचली आहे. आता बाकीच्या जोडीने वाचा. ‘झुंज’ संपली की लगेच ‘मंत्रावेगळा’ घ्या. ‘शहेनशहा’ वाचली असेल तर ‘राजेश्री’ला हात घाला. ‘झेप’ वाचून झाल्यावर सरदेसायांची ‘मराठी रियासत’ उघडा आणि त्रिंबकजीची पानं ताडून बघा. घरात कॉलेजला जाणारी मुलं असतील तर त्यांच्याशी या पुस्तकांवर वाद घाला आणि दोघांनी एकेकदा बाजू बदलून बोला. आपल्या गावच्या वाचनालयात या कादंबऱ्यांच्या प्रती जीर्ण झाल्या असतील तर नव्या प्रती देणगी म्हणून द्या. इनामदारांचे आभार मानायचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.