रक्त कशाने वाढतं? गोळीच्या रंगाने नव्हे!

वयात आलेली मुलगी दमते, तिला चक्कर येते, तोंड पांढरं दिसतं. मग कुणीतरी सांगतं, मेडिकलमधून व्हिटॅमिनच्या गोळ्या आण, रक्त वाढेल. बचतीतले पैसे जातात आणि मुलगी तशीच राहते. असं का होतं?

आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. तिचं काम प्राणवायू वाहण्याचं. लोखंड हवेने गंजतं ना, तसा या पेशीलाही प्राणवायूचा त्रास होतो. ‘क’ आणि ‘ई’ ही जीवनसत्त्वं हा गंज रोखायला मदत करतात. म्हणून त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. पण राखण करणं वेगळं आणि नवी पेशी घडवणं वेगळं. घडवायला लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी-12 आणि प्रथिनं लागतात. लोहच कमी असेल तर नुसत्या ‘क’च्या गोळीने रक्त भरत नाही.

मात्र ‘क’ जीवनसत्त्वाचा एक मोठा उपयोग आहे. भाजी-कडधान्यातलं लोह त्याच्यामुळे अंगी लागतं. त्यासाठी विकतची गोळी कशाला? दिवसाची गरज 100 मिलिग्रॅमपेक्षाही कमी. एक पेरू खाल्ला तरी ती भागते. मोड आलेल्या मटकीवर, मेथीच्या भाजीवर ताटात लिंबू पिळा. शिजताना पिळू नका, उष्णतेने ‘क’ कमी होतं. आवळा, कैरी हंगामाप्रमाणे द्या. हळीव, चवळी, चालत असेल तर सुकट, कलेजी द्या. जेवणावर चहा नको. तो लोह अडवतो. आणि बीट लाल आहे म्हणून रक्त वाढतं, असं नाही.

देशात 15 ते 19 वयाच्या शंभरातल्या 59 मुलींना रक्तक्षय आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. मुलांमध्येही शंभरात 31. म्हणून शाळा-अंगणवाडीत आठवड्याला एक निळी गोळी फुकट मिळते. तीत 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं. ती जेवणानंतर घ्यावी. शौचाला काळं झालं तर घाबरू नका. जंताची गोळीही चुकवू नका.

आता महत्त्वाचं. गडचिरोली, नंदुरबार, चंद्रपूर, गोंदिया या भागात सिकलसेल आढळतो. त्यात पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते. तिथे कमतरता लोहाचीच असेल असं नाही. थॅलेसेमियात तर अंगात लोह साठत जातं. अशा मुलांना लोहाच्या किंवा ‘क’च्या जास्त ताकदीच्या गोळ्या मनाने देणं धोक्याचं आहे. हातपाय वारंवार दुखणं, डोळे पिवळे होणं, घरात कुणाला हा आजार असणं, यातलं काही असेल तर आधी तपासणी.

तेव्हा पुढच्या बैठकीत एक ठराव करूया. गटातल्या प्रत्येक घरच्या वाढत्या मुलामुलीचं हिमोग्लोबिन आरोग्य केंद्रात तपासायचं. मुलीचं 12 च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारायचं, आणि मगच गोळी.