घर कुणाच्या नावावर?

(युवा शिबिरातील भाषण)



मला लक्षद्वीपबद्दल बोलायला सांगितलं आहे. तिथलं निळं पाणी तुम्ही मोबाईलवर पाहिलंच असेल. मी एका घराबद्दल बोलतो.

परवाना मिळाल्यावर कोचीहून जहाजानं निघालो. लक्षद्वीपची एकूण जमीन ३२ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३, त्यात ९६ टक्क्यांहून जास्त मुसलमान.

कल्पेनी बेटावर एका शिक्षकानं चहाला बोलावलं. मी सहज म्हणालो, "घर छान आहे तुमचं." तो हसला. "माझं नाही, आईचं. तिच्यानंतर बहिणींचं."

तिथं घराणं आईच्या बाजूनं चालतं. त्याला तरवाड म्हणतात. तरवाडची सामाईक मालमत्ता म्हणजे 'शुक्रवारची'. ती मुलींच्या वंशात राहते. स्वतः कमावलेली 'सोमवारची'. ती शरीयतप्रमाणे वाटतात. आता थोडाफार बदल होतोय. मराठी घरात जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९६९ मध्ये या विषयावर पुस्तकच लिहिलं. हे लोक आपल्यासारखेच नमाज पढणारे, रोजे ठेवणारे. मुलीच्या नावावर घर असल्यानं त्यांचं मुसलमानपण कमी झालेलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अब्बांच्या इंतकालनंतर आपानं हक्कसोडपत्रावर सही केली होती. ते कागद मीच तयार करून आणले होते. "भावाकडे येणं-जाणं राहिलं म्हणजे झालं," एवढंच ती म्हणाली होती. कुरआनच्या सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलाय, मुलाच्या निम्मा. आम्ही तोही दिला नाही. आणि चर्चेत शरीयतच्या नावानं सर्वांत मोठा आवाज माझाच!

परत आल्यावर फोन केला. "आपा, तुझा हिस्सा तुला द्यायचाय." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या बायकोला विचारलंस का?"

म्हणजे हक्क तिचा, आणि भीती वहिनीच्या नाराजीची! ही भीती तिच्या मनात कुणी घातली? आपणच.

बक्षीसपत्राचे कागद आता तयार होताहेत. मी मोठं काही करत नाही, घेतलेलं परत देतोय.

तुम्हाला एकच काम सांगतो. घरी गेल्यावर सातबारा काढा. त्यावर बहिणीचं नाव आहे का बघा. नसेल, तर ते का नाही, हे तिच्यासमोर बसून सांगून बघा.