साचा मोडू नका, बदल वेगळा ठेवा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आज मी आपणांपुढे माझी एक चूक मांडणार आहे. शिक्षकाने चूक लपविली, तर विद्यार्थी तीच पुन्हा करतो.

प्रश्नपत्रिका व पालकांची पत्रे तयार करण्यासाठी मी संगणकावर 'पॅनडॉक' हे साधन वापरतो. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी २००६ साली ते प्रथम प्रसिद्ध केले. ते विनामूल्य मिळते. आपण साधा मजकूर लिहायचा, साधन त्याचे पीडीएफ किंवा वेबपान करून देते. ते पान कसे दिसावे, हे टेम्प्लेट म्हणजे साचा ठरवितो.

मला पानाच्या माथ्यावर फक्त शाळेचे नाव व बोधचिन्ह हवे होते. त्यासाठी मी मूळ साच्याची पूर्ण नक्कल केली आणि तीत चार ओळी बदलल्या. काही दिवस ठीक चालले. पुढे साधनाची नवी आवृत्ती आली. मूळ साचा सुधारला, माझी नक्कल जुनीच राहिली. सहामाहीच्या आदल्या रात्री तक्ता असलेली प्रश्नपत्रिका निघेना. अखेर हाताने लिहून झेरॉक्स काढल्या. सकाळी मुले पाऊण तास नुसती बसून राहिली. स्वतःचा साचा वापरणाऱ्याने मूळ साच्यातील बदलांवर लक्ष ठेवावे, असे त्या साधनाच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले आहे. मी ते वाचलेच नव्हते.

आपण जूनमध्ये गणवेश शिवायला टाकतो. खिसा बदलायचा म्हणून शिंपी सगळे माप नव्याने आखत नाही. तो खिसाच तेवढा बदलतो. साधने घडविणाऱ्यांनीही हीच वाट धरली. पॅनडॉकच्या २०१९ मधील २.८ या आवृत्तीपासून साच्याचे लहान तुकडे वेगळ्या फाईलींत ठेवता येतात. 'ज्युपिटर' वह्यांचे रूपांतर करणाऱ्या 'एनबीकन्व्हर्ट' या साधनाने २०२० मध्ये, ६.० आवृत्तीत, साच्यांची रचनाच बदलली. आता साचा म्हणजे एक फोल्डर. आपला बदललेला भाग तेवढा त्यात ठेवायचा. उरलेले मूळ साच्यातून आपोआप येते. मूळ सुधारले की त्याचा लाभ आपल्यालाही मिळतो.

मीही आता मूळ साच्याला हात लावत नाही. नाव व बोधचिन्हाच्या ओळी एका लहान फाईलीत ठेवल्या आहेत. मराठीसाठी एक आणि उर्दूसाठी एक अशा आणखी दोन फाईली आहेत. त्यांत भाषा, अक्षर व लेखनाची दिशा एवढेच असते. मराठी डावीकडून, उर्दू उजवीकडून. साचा मात्र एकच.

पण मित्रांनो, त्या रात्रीची खरी अडचण निराळीच होती. ही सगळी माहिती एकट्या माझ्या डोक्यात होती. मी आजारी असतो, तर हाताने लिहिलेली प्रश्नपत्रिकासुद्धा निघाली नसती. म्हणून कोणती फाईल कशासाठी, हे मी आता एका वहीत मराठीत लिहून ठेवले आहे. नववीच्या दोन मुली व एक मुलगा ते काम शिकत आहेत.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे बसली की 'काय बनविलेस?' एवढेच विचारू नका. 'उद्या दुसऱ्याला ते दुरुस्त करता येईल का?' हेही विचारा. जे काम दुसऱ्याच्या हाती सोपविता येते, तेच संस्थेच्या उपयोगी पडते.

खुदा हाफिज.