एका पडद्याच्या चार खोल्या

डोंबिवलीच्या जुन्या चाळींतील दोन खोल्यांचा संसार ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस जागेची वांटणी म्हणजे काय हें सांगावयास नको. मध्यें एक आडपडदा सोडला कीं अलीकडे पाहुणे आणि पलीकडे परीक्षेचा अभ्यास! लिनक्स या संगणकप्रणालींत केवळ अक्षरांनीं आज्ञा देण्याची जी काळी चौकट असते, जिला टर्मिनल म्हणतात, तींतही हीच युक्ति चालते.

ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें आज कोणाचा मुलगा, कोणाची सून रात्रीं जेवणें आटोपल्यावर दूरच्या शहरांतील यंत्रांची देखरेख करीत असतात. पडदा वीतभर, कामें चार. अशा वेळीं टीमक्स नांवाचा कार्यक्रम उपयोगीं पडतो. निकोलस मॅरियट यांनीं तो २००७ सालीं लिहिला. त्याचा वडील भाऊ स्क्रीन हा १९८७ पासूनचा. कंट्रोल व बी या कळा एकत्र दाबून सोडाव्या आणि टक्क्याचें चिन्ह द्यावें, कीं पडद्याचे डावेउजवे दोन भाग होतात. दुहेरी अवतरणचिन्ह दिलें तर वरखालीं. त्याच दोन कळांमागून सी दाबला तर सबंध नवी खिडकी उघडते. हा आडपडदा नव्हे, स्वतंत्र खोलीच. चारांहून अधिक भाग करणाऱ्याच्या डोळ्यांची मात्र कींव करावी.

पण टीमक्सची खरी किंमत कळते ती वीज गेल्यावर. समजा, मोठ्या माहितीसांठ्याची नक्कल तीन तास चालली आहे आणि पावसाळी रात्रीं कल्याणांतील वीज जाते. इंटरनेटचा दुवा तुटतो. साध्या टर्मिनलांत असें झालें कीं दूरच्या यंत्रावरील त्या कामास ‘हँगअप’ हा संकेत मिळतो आणि काम बहुधा तेथेंच संपतें. नांव टेलिफोनच्या तारेवरून टर्मिनल जोडीत त्या काळचें: रिसीव्हर खालीं ठेवला, संभाषण आटोपलें! टीमक्स मात्र दूरच्या यंत्रावरच ठाण मांडून बसलेला असतो. काम त्याच्या स्वाधीन असतें, घरच्या पडद्याच्या नव्हे. वीज आल्यावर, किंवा सकाळीं ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्यें बसावयास जागा मिळालीच तर तेथेंही, पुन्हा जोडून घेऊन ‘टीमक्स अटॅच’ एवढी आज्ञा दिली कीं सारे भाग होते तसे समोर उभे राहतात, आणि नक्कल चाललेलीच असते. आपण होऊन उठून जावयाचें असल्यास कंट्रोल-बी व मागून डी.

नवशिके एक चूक हटकून करतात. टीमक्स घरच्या यंत्रावर सुरू करतात आणि मग त्यांतून दूरच्या यंत्राशीं जोडून घेतात. अशानें दुवा तुटला कीं तिकडचें काम बुडतेंच. आधीं जोडणी, नंतर टीमक्स, नंतर काम, हा क्रम सोडूं नये. आणि दूरचें यंत्र स्वतःच बंद पडलें तर टीमक्सही त्याजबरोबर नाहींसा होतो. यास्तव लांबणाऱ्या कामाची नोंद एखाद्या फाईलींतही उतरत राहील अशी तजवीज करावी.