भिंती काढण्याआधी

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझ्या आधी बोललेल्यांनी शाळेच्या आठवणी सांगून सगळ्यांचे डोळे ओले केले. माझा विषय मात्र एका गंजलेल्या गाडीचा आहे, तेव्हा रुमाल खिशात ठेवायला हरकत नाही.

आपल्या बॅचच्या ग्रुपवर गेले महिनाभर काय चाललंय ते सरांना आणि बाईंना ठाऊक नसेल. आपल्या एका वर्गमित्राने पवना धरणाच्या बाजूला पर्यटकांसाठी एक जुना कॅम्पर ट्रेलर घेतला होता. गाडीच्या मागे जोडायची ती चाकांवरची खोली. पुढे पर्यटकांना तंबूच जास्त आवडले आणि ट्रेलर पावसात गळत उभा राहिला. आता त्याचं म्हणणं असं की वरची खोली कापायची, सपाट हौदा करायचा आणि घाटात बंद पडलेल्या गाड्या त्यावर घालून न्यायच्या. त्यावर ग्रुपमध्ये इतके सल्ले पडले की बिचारा वैतागला. शेवटी सगळे म्हणाले, "तू इंजिनिअर ना, तूच सांग." मी लिहिते सॉफ्टवेअर, पण बेरीज-वजाबाकी आणि तरफेचे नियम या शाळेतच शिकले. तेवढ्यावर काम भागतं.

आधी एक गोष्ट. हे काम आपल्या रेल्वेने फार मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात 1955 पासून बनलेले ते निळे, तपकिरी डबे आठवतात ना? आपण ज्यांच्या खिडकीतून खंडाळ्याचे धबधबे पाहिले, ते आयसीएफचे डबे. प्रवाशांसाठी त्यांचं वय झालं की त्यातले काही मोटारी वाहून नेण्यासाठी बदलतात. त्यांना एनएमजी म्हणतात. बाकं काढतात, खिडक्या-दारं पत्र्याने बंद करतात आणि डब्याच्या टोकाला दार करतात. एका टोकाने गाडी आत शिरते आणि एका डब्यातून पुढच्या डब्यात चालवत नेता येते. आपल्या चिंचवडहून मोटारी अशा गाड्यांतून जातात.

आता प्रश्न असा की रेल्वेने छप्पर आणि भिंती का कापल्या नाहीत? पावसापासून बचाव होतो हे आहेच, पण खरं कारण आणखी खोल आहे. त्या डब्यात खाली वेगळी मजबूत चौकट आणि वर नुसती खोली असा प्रकार नाही. तळ, भिंती आणि छप्पर मिळून एकच पोलादी पेटी आहे आणि भार सगळे मिळून घेतात. भिंती कापल्या तर तळ वाकेल.

पुष्कळ कॅम्परचंही थोडंफार असंच असतं. वजन कमी ठेवायचं म्हणून चॅसी बारीक घेतात आणि ताठपणाचा काही वाटा वरच्या खोलीवर सोडतात. शिवाय खोलीचं वजन सगळ्या लांबीवर पसरलेलं असतं. मोटार उभी राहते ती चार चाकांच्या चार ठिकाणी. तेव्हा खोली काढल्यावर चॅसीला आडवे-उभे चॅनल वेल्ड करून जोर द्यावा लागेल, आणि ते वजनही हिशोबात येईल.

तो हिशोब ऐका. पाटीवर एकूण वजन 1300 किलो लिहिलंय. खोली काढून चॅसी, अ‍ॅक्सल, चाकं मिळून उरतात 300. चार मिलिमीटरचा चेकर्ड पत्रा चौरस मीटरला 33 किलोच्या आसपास भरतो, सात चौरस मीटरचे झाले 230. चॅनल, चढण्याच्या फळ्या आणि विंच यांचे 120 धरा. शिल्लक 650 किलो. छोटी मोटारसुद्धा 800-900 किलोची असते आणि मोठी एसयूव्ही 1800 च्या पुढे. म्हणजे मोटार बसतच नाही.

दुसरी गोष्ट घाटाची. लोणावळा समुद्रसपाटीपासून 622 मीटर, खोपोली साठेक मीटर. 1300 किलोचा ट्रेलर एवढा खाली उतरवायचा तर सुमारे दोन युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. काही हवा घेते, काही पुढच्या गाडीचं इंजिन घेतं, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. तापलेले ब्रेक धरत नाहीत. ट्रेलरला स्वतःचे चांगले ब्रेक नसतील तर तो पुढच्या गाडीलाच ढकलत नेतो.

तिसरी गोष्ट आपल्या आजोबांना कुणी शिकवावी लागली नसती. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळते आणि पुढे जास्त झालं की बैलांच्या मानेवर येतं. ट्रेलरचंही तेच. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर हवा. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर हेलकावे खातो आणि पुढच्या गाडीला घेऊन रस्त्याबाहेर जातो.

चौथी गोष्ट कागदांची. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणीत एक आणि रस्त्यावर दुसरंच, असं चालत नाही. आधी पिंपरी-चिंचवडच्या आरटीओची परवानगी, मग वेल्डिंग, मग तपासणी आणि नोंदणीपुस्तकात बदल. विनापरवाना बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी आधी नोंदणीपुस्तक मागते, हे वेगळंच.

आता तो म्हणेल, "म्हणजे भंगारात घालू?" मुळीच नाही. 650 किलोत पॉवर टिलर बसतो. तो साडेचारशे-पाचशे किलोच्या आसपास असतो. नाहीतर दीडशे किलोच्या तीन मोटारसायकली बसतात. आपल्या मावळात भातलावणीच्या दिवसांत एक टिलर किती गावांत फिरतो, हे शेतकऱ्यांच्या घरच्यांना सांगायला नको. वडगावच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये दिलेला इंद्रायणी तांदूळ आज सगळीकडे जातो, पण आषाढात टिलर वेळेवर बांधावर आला तरच. कामशेत, वडगाव, पवन मावळ अशा सपाटीच्या रस्त्यांवर, मोजक्या वेगाने, हे काम तो ट्रेलर नीट करील. घाटातल्या मोटारी त्यासाठी बनवलेल्या फ्लॅटबेडवाल्यांना करू देत.

मित्रा, तुझे पैसे त्यात अडकलेत आणि त्यात मुलीच्या फीचे आहेत, हे मला माहीत आहे. घाटातलं काम जास्त पैसे देतं, हेही खरं. पण हौद्यावरची मोटार दुसऱ्याची असते, आणि पुढच्या गाडीत तू असतोस. तुझ्या मुलीला फीही हवी आणि तूही हवास.

ग्रुपवर जमलेल्या वर्गणीबद्दल माझी एक सूचना आहे. ती पत्र्याला न देता आधी ब्रेक, परवानगी आणि तपासणी यांना द्यावी. पत्रा काय, नंतरही मिळेल. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशी बोला, आणि ज्यांच्या घरी टिलर आहे त्यांनी आपली नावं त्याच्याकडे लिहून द्या. पहिल्या हंगामाची कामं आजच ठरली तर बरं.

ज्या बाईंनी मला तरफ शिकवली त्या समोर बसल्या आहेत. हिशोबात काही चुकलं असेल तर त्यांनी इथेच सांगावं.