शेडमधली टिकटिक

मागे जी टिकटिक ऐकू येतेय ती घड्याळाची नाही, डिझेल हीटरच्या पंपाची आहे. आवाज कापून टाका असं आमचा चित्रीकरण करणारा मुलगा म्हणाला होता, मीच राहू दे म्हटलं. आजचा विषयच तो आहे.

मी मूळचा नाशिकचा. निवृत्तीनंतर कुलू खोऱ्यात, मनालीच्या थोडं खाली राहतो आणि घरामागच्या बारा बाय पंधराच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम करतो. जानेवारीत सकाळी शेडमधलं पाणी गोठलेलं असतं. हात आखडतात हे तर आहेच, पण खरी अडचण डिंकाची. लाकडाचा पांढरा डिंक साधारण दहा अंशांच्या खाली नीट धरत नाही. वाळल्यावर खडूसारखा भुरभुरीत होतो. पहिल्या हिवाळ्यात केलेल्या चार खुर्च्यांचे सांधे मार्चमध्ये हातात आले. तेव्हा ठरवलं, शेड तापवायची.

इथे घराघरांत लाकडावरचा लोखंडी तंदूर असतो. पण भुशाने भरलेल्या शेडमध्ये उघडा जाळ? नको. गॅसची किंवा रॉकेलची बिनधुराड्याची शेगडीही नको. डिझेल किंवा रॉकेल लिटरभर जाळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. ती वाफ थंड पटाशीवर आणि रंध्याच्या पात्यावर बसते आणि आठवड्यात गंज चढतो.

हा हीटर मुळात ट्रकच्या केबिनसाठीचा. वेबॅस्टो आणि एबरश्पेखर या जर्मन कंपन्यांची नावं त्यात जुनी. आता त्याच धर्तीचे चिनी हीटर खूप स्वस्तात येतात, माझा तसलाच. आत एक बंद भट्टी असते. पंप थेंब थेंब डिझेल सोडतो, तापलेला ग्लो प्लग ते पेटवतो. जळायला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो. खोलीतली हवा फक्त भट्टीच्या ॲल्युमिनियमच्या कवचावरून फिरते. म्हणून येते ती कोरडी ऊब. बारा व्होल्टवर चालतो. पेटताना आठ-दहा अँपिअर ओढतो, मग एक-दोन. इन्व्हर्टरची बॅटरी पुरते.

आता 'स्वस्त' या शब्दाकडे येऊ, कारण इथेच लोक फसतात. लिटरभर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट उष्णता असते. पाऊण भाग खोलीत आला असं धरा, म्हणजे साडेसात युनिट. डिझेल नव्वद रुपये धरलं तर एक युनिट बारा रुपयांना पडलं. वीज मी सात रुपये धरतो, तुम्ही तुमच्या बिलावरचा आकडा घाला. म्हणजे साधा विजेचा हीटर स्वस्त! आणि गरम हवेचा एसी त्याहूनही स्वस्त, कारण तो एका युनिटात अडीच-तीन युनिट ऊब देतो. मग मी डिझेल का जाळतो? बर्फ पडला की वीज जाते, कधी दोन दोन दिवस. आणि असते तेव्हा करवत आणि हीटर एकदम लावले की एमसीबी पडतो. तुमच्याकडे वीज भरवशाची असेल तर हा हीटर घेऊ नका, हे मी स्वच्छ सांगतो.

खरी बचत छताने केली. पत्र्याखाली थर्माकोल, त्यावर प्लायवुड. थर्माकोल उघडा ठेवू नका, पेटतो. आधी लिटरभर डिझेल अडीच तास पुरायचं, आता चार तास पुरतं.

आता जे सांगायला मी कचरतो ते. पहिल्या वर्षी मी हीटर शेडच्या आत बसवला होता. धुराड्याचा जोडही आतच, पट्टीने आवळलेला. एका दुपारी पत्र्यावरचा बर्फ घसरून बाहेरच्या नळीच्या तोंडावर पडला. हीटर बंद पडायला हवा होता, पण चालत राहिला आणि धूर सैल जोडातून आत येऊ लागला. मला वास असा जाणवलाच नाही. डोकं दुखत होतं, वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, काय बोलताय तुम्ही? एक शब्द कळत नाहीये." तिने हाताला धरून मला बर्फात बाहेर बसवलं. अंगात कोट नव्हता. तासभर मळमळत होतं.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी चिकटतो, आणि आधी आपली अक्कलच जाते, त्यामुळे धोका आहे हे सुचतच नाही. ती चहा पाच वाजता आणते, म्हणून मी आज बोलतोय. त्या दिवशी चार-साडेचारलाच डोकं दुखायला लागलं होतं.

आता हीटर शेडबाहेर, पत्र्याच्या टोपीखाली आहे. आत फक्त गरम हवेची नळी येते आणि दुसरी आतली हवा परत नेते. धुराचे सगळे जोड बाहेर. तोंड बर्फ घसरतो त्या बाजूला नाही, आणि हवा ओढणाऱ्या नळीपासून लांब. वर भिंतीवर तो पांढरा डबा दिसतोय ना, तो कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. हीटर घेणार असाल तर आधी तो घ्या.

दोन बारीक गोष्टी. आमच्याकडे उंची दोन हजार मीटर, हवा पाचव्या हिश्शाने विरळ. पंपाचा वेग तसा कमी केला नाही तर काजळी धरते. लेहला तर फारच. तिथे इंडियन ऑइलचं हिवाळी डिझेल 2019पासून मिळतं, उणे 33 अंशांपर्यंत वाहतं. साधं डिझेल त्या थंडीत मेणासारखं होतं. आणि सतत मंद चालवू नका. अधूनमधून दहा मिनिटं पूर्ण जोरात चालवा, काजळी जळून जाते.

बंद करताना वायर उपटू नका. बटण दाबा. हे बघा, दाबलं. टिकटिक थांबली, पण पंखा चालूच आहे. भट्टी गार होईपर्यंत चार-पाच मिनिटं तो फिरेल. तोवर तुमचे प्रश्न घेतो.